मूठभर पीठ आणि १४७ दिवस

महिन्याची बावीस-तेवीस तारीख आली की आपण पिठाचा डबा हलवून बघतो. अजून किती दिवस जाईल हे सांगायला आपल्याला तराजू लागत नाही. पाहुणे आले तर दोन दिवस कमी, यजमान फिरतीवर गेले तर दोन दिवस जास्त! हा हिशेब आपल्या हाताला इतका बसलेला असतो की त्याला कुणी ‘ज्ञान’ म्हणत नाही. आपणही म्हणत नाही. पण हाच साधा हिशेब एका लढाईत एका मोठ्या सेनापतीचा चुकला आणि त्यापायी हजारो माणसं मेली. त्या माणसांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडची माणसंही होती. म्हणून आज ही हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटते.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. पहिल्या महायुद्धाचा धडा आला की मुलं फ्रान्सच्या खंदकांची चित्रं काढतात, रणगाडे काढतात. युद्ध म्हणजे तोफा आणि तह, असंच त्यांना वाटतं. आपल्यालाही लहानपणी तसंच वाटायचं, नाही का? शिपायाला भूक लागते, त्याचं जेवण कुणीतरी मोजून पाठवावं लागतं आणि ते मोजणारा चुकला तर गोळी न लागताही तो मरतो, हे धड्यात येत नाही.

पुण्याची फौज बगदादच्या वाटेवर

गोष्ट आहे आजच्या इराकमधली. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत आणि तिथे तुर्कांचं राज्य होतं. १९१४ साली महायुद्ध पेटलं. शेजारच्या इराणातलं तेल इंग्रजांना सांभाळायचं होतं. त्यासाठी हिंदुस्थानातून जी फौज पाठवली तिचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. नाव आपल्या पुण्याचं, आणि पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये बोटीत बसली ती मुंबई बंदरावर!

या डिव्हिजनमध्ये गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते आणि तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. त्यांत देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, दख्खनी मुसलमानही होते. शिवाय खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. पत्र कुणाकडून तरी लिहवून घ्यायचं आणि घरी ते कुणीतरी वाचून दाखवायचं. बायकोला नवऱ्याची खुशाली कळायची ती अशी, दोन परक्या माणसांच्या तोंडून.

बसरा शहर सहज हाती आलं. मग वरिष्ठांना बगदादचा मोह पडला. पुढे जायला बोटी पुरेशा नव्हत्या, औषधं नव्हती, जखमींना न्यायला धड गाड्या नव्हत्या. तरी हुकूम सुटला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या जवळ टेसिफॉन इथे मोठी लढाई झाली, फौजेचा दम तुटला आणि सेनापती टाउनशेंड माघारी फिरले. डिसेंबरच्या सुरुवातीला ते टायग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूट-अल-अमारा या गावी येऊन थांबले. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला तुर्क! ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पक्का झाला. आत फौज होती, तिच्याबरोबर आलेले पाणके, स्वयंपाकी, मोतद्दार, डोलीवाले, झाडूवाले होते आणि गावातली सुमारे सहा हजार अरब माणसं, बायका-मुलांसकट, होती. इतक्या सगळ्यांनी आता आहे त्यात भागवायचं होतं.

कोठारात किती आहे?

अशा वेळी तुम्ही-आम्ही पहिल्या दिवशी काय केलं असतं? घरात काय काय आहे ते आधी काढून मांडलं असतं! डबे, मडकी, माळ्यावरचं पोतं, शेजारणीकडे उसनं दिलेलं, सगळं.

टाउनशेंडसाहेबांनी ते केलं नाही. साठा थोडा आहे, गोऱ्या सैन्याला महिनाभर आणि हिंदी सैन्याला दोनेक महिने पुरेल, असं त्यांनी कळवलं. सुरुवातीला रेशनही पूर्ण चालू ठेवलं. थोडेच दिवस राहिले म्हटल्यावर खालून सुटकेसाठी येणाऱ्या फौजेची घाई उडाली. तयारी अपुरी, तोफा मागे राहिलेल्या, पावसाने रान चिखल झालेलं. तरी जानेवारी १९१६ मध्ये तिने एकापाठोपाठ एक तीन हल्ले केले. २१ जानेवारीला हना इथे झालेल्या हल्ल्यात एका दिवसात सुमारे सत्तावीसशे माणसं पडली. जखमी रात्रभर थंडीपावसात चिखलात पडून राहिले.

आणि त्यानंतर, जानेवारीच्या अखेरीस, कूटमध्ये घरोघरी झडती घेतली गेली. गावकऱ्यांनी ठेवलेलं धान्य बाहेर निघालं. हिशेब नव्याने मांडला तेव्हा कळलं की जनावरं धरून अजून ८४ दिवस निघतील!

चौऱ्याऐंशी दिवस! हे आधी कळलं असतं तर बाहेरच्या फौजेला धीराने तयारी करता आली असती. पुढे ती फौज एप्रिलपर्यंत धडका देतच राहिली. आतली तेरा हजार माणसं सोडवण्यासाठी बाहेरची सुमारे तेवीस हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. हा हिशेब कुठल्या संसारात बसतो, तुम्हीच सांगा.

आकाशातून पडलेलं जातं

एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कोठारात सातू सापडले, पण ते दळायचे कशाने? पुरेशी जाती नव्हती. शेवटी विमानातून जात्याच्या तळ्या गावात टाकल्या! विमान ही तेव्हा नवी वस्तू होती आणि तिचा एक पहिला उपयोग हा झाला, दळणाचा.

सरपण संपलं तसं घरांचं लाकूडकाम काढून जाळलं. भाजीपाला नव्हताच. शिपाई गवत आणि रानातला पाला खुडून आणत आणि पालकासारखा शिजवून खात. त्यातला काही पाला विषारी निघाला.

आता यात आपल्यासारख्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होऊ लागला. त्यात पाय सुजतात, हृदय दुबळं होतं. कारण काय, तर त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात, त्यांना तो आजार फारसा झाला नाही. पुढे गोऱ्यांनाही मैद्याऐवजी आटा आणि सातूचं पीठ मिळू लागलं, तेव्हा त्यांचा बेरीबेरी हटला. हिंदी शिपायांचं दुखणं वेगळं होतं. ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. शेकड्यांनी माणसं आजारी पडली. लिंबं, आवळे, मुठभर हिरवी मिरची, कोथिंबीर यांनी जे टळतं, त्याने शूर गडी आडवे झाले.

घोड्याचं मांस आणि गावाचा धाक

हिंदी शिपायांना मांस का नव्हतं? होतं, पण ते घोड्याखेचराचं. ओढायची जनावरं एकेक करून कापायला घेतली होती. गोरे ते खाऊ लागले. हिंदू-मुसलमान दोघांनीही नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, ती बिनतारी संदेशाने आली. पोटासाठी खाल्लं तर दोष नाही, असं कळवलं गेलं. तरी माणसं कचरत होती.

इथे चटकन म्हणावंसं वाटतं, काय हा वेडेपणा! जीव वाचवायचा की सोवळं? पण थोडं थांबा. त्या शिपायांना देवाचा धाक कमी आणि गावाचा जास्त होता. परत गेल्यावर गाव वाळीत टाकील, आपल्या मुलींना कुणी करून घेणार नाही, ही त्यांची भीती होती. म्हणजे उपाशी मरतानाही तो बाप मुलीच्या लग्नाचा विचार करत होता! धर्मगुरूची चिठ्ठी आली म्हणून काय झालं? गावातल्या पाराशी ती चिठ्ठी कोण वाचून दाखवणार होतं? सोयरीक मोडायला कुणाला चिठ्ठी लागते का? हे आपल्याहून अधिक कुणाला कळेल?

शेवटी एप्रिल उजाडला. रोजचं पीठ कमी होत होत चार औंसांवर आलं. आपल्या मापात सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. त्याची एखादी भाकरी होईल, फार तर दीड पातळ. त्यावर रात्री खंदकात पहारा करायचा. भुकेची जाणीव मरावी म्हणून अफूच्या गोळ्या दिल्या जात. घोड्याचं मांस खाणार नाही त्याला बढती नाही, अशी तंबी मिळाली. मग एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेकांनी मन घट्ट करून ते तोंडात घातलं. पण तोवर अंगातली ताकद गेली होती. माणसं नुसत्या अशक्तपणाने मरू लागली होती.

विमानांतून धान्याची पोती टाकणं सुरू झालं. काही पोती गावात पडली, काही टायग्रिसमध्ये गेली, काही तुर्कांच्या हाती लागली. तेवढ्याने काय होणार? एकोणीस-वीस हजार तोंडं होती! शेवटचा उपाय म्हणून २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाच्या आगबोटीत २७० टन धान्य भरून ती वर पाठवली. तुर्कांनी नदीत लोखंडी दोर बांधून ठेवला होता. बोट त्यात अडकली. इतकं धान्य गावापासून थोड्या मैलांवर येऊन थांबलं आणि शत्रूच्या घरी गेलं.

इंग्रज सरकारने तुर्कांना पैसेही देऊ केले. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. तुर्कांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनी, फौज शरण गेली.

शरण गेल्यावर

आपल्याला वाटतं, चला, निदान खायला तरी मिळालं असेल! मिळालं, पण काय? वाळकी, दगडासारखी बिस्किटं. महिनोन्महिने आतडी रिकामी असलेल्या माणसांनी ती हपापून खाल्ली आणि पहिल्या काही दिवसांतच शेकडो माणसं पोटाच्या विकाराने तडफडून मेली. उपास सोडताना आधी पेज द्यावी, ताक द्यावं, हे आपल्याकडे कोणतीही आजी सांगेल. तिथे सांगणारं कुणी नव्हतं.

अगदी आजारी अशा हजारभर माणसांना तुर्कांनी अदलाबदलीत परत पाठवलं. बाकीच्यांची विभागणी झाली. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं. शिपाई आणि नोकर-चाकर मे महिन्याच्या उन्हात चालत निघाले. बगदाद दीडशे किलोमीटरच्या वर, आणि तिथून पुढे मोसूल, वाळवंट, रस-अल-ऐन. पाण्यासाठी, भाकरीसाठी माणसांनी अंगावरचे कपडे आणि पायांतले बूट विकले. जो बसला तो मागे राहिला. जे पोचले त्यांना बगदादच्या रेल्वेच्या कामाला जुंपलं, माती खणायला, रूळ टाकायला, बोगदे फोडायला.

तुर्कांना दोष द्यायचा तर जरूर द्यावा. पण हेही सांगायला हवं की पहारा करणारा तुर्की शिपाईसुद्धा पुष्कळदा अनवाणी आणि उपाशीच होता. त्याच्या सरकारने त्यालाही मोजलं नव्हतं.

कूटला शरण गेलेल्यांचे आकडे नोंदलेले आहेत. एकूण १३,३०९ माणसं. त्यांत हिंदी शिपाई ६,९८८ आणि शस्त्र न धरणारे नोकर-चाकर ३,२४८. कैदेत गेलेल्या गोऱ्या साध्या शिपायांपैकी जवळजवळ सत्तर टक्के परत आले नाहीत. हिंदी माणसांपैकी तीन हजारांच्या आसपास मेली किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही.

आणि सेनापती? टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले. कैदेत असतानाच १९१७ साली त्यांना इंग्लंडच्या राजाने ‘सर’ केलं. त्यांचा ‘स्पॉट’ नावाचा कुत्रा होता. त्याला तुर्कांच्या परवानगीने नदीतून सुखरूप इंग्रजांकडे पोचवलं गेलं. कुत्र्यावर माझा राग नाही हो! पण त्याच्या परतीची सोय झाली तेव्हा ज्यांची झाली नाही, त्यांच्या बायका आपल्या गावांत वाट बघत होत्या, एवढंच.

पुढे चौकशी बसली. तिचा अहवाल १९१७ साली आला आणि हिंदुस्थानचे मंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याने कुणाची चूल पेटत नाही.

आजीने लिहिलेलं पुस्तक

ही सगळी हकिगत सेनापतींनी आणि साहेबांनी पुष्कळ लिहिली आहे. पण तिच्या कडेला एक पुस्तक आहे, ते मला फार जवळचं वाटतं. कूटच्या वेढ्यात कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक बंगाली डॉक्टर होते. ते आईला नेमाने पत्रं लिहीत. देशाभिमानाच्या नावाखाली युरोपात आणि इथेही चाललेल्या रक्तपाताचा त्यांना वीट आला होता आणि तसं त्यांनी पत्रांत स्पष्ट लिहिलं होतं. १९१७ साली कैदेतच, रस-अल-ऐनला, ते गेले. त्यांच्या आजी मोक्षदादेवी. या साध्यासुध्या बाई नव्हत्या. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी यांची ही बहीण आणि १८७० साली ‘बंगमहिला’ नावाचं नियतकालिक चालवणारी संपादिका! या आजींनी वयाच्या ऐंशीच्या आसपास नातवाची पत्रं पुढ्यात घेऊन त्याचं चरित्र लिहिलं. ‘कल्याण-प्रदीप’ हे त्याचं नाव, साल १९२८.

दुसरे बंगाली गृहस्थ शिशिर सर्वाधिकारी, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या पथकातले. त्यांनी कैदेतही रोजनिशी सोडली नाही, तिची पानं बुटांत लपवून जपली. तिचं पुस्तक झालं ते पुष्कळ वर्षांनी, आणि ते सुनेच्या मदतीने.

बघा, एकीकडे आजी आणि दुसरीकडे सून! ज्या घरांत लिहिणारी बाई होती त्या घरांतली माणसं आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. आपल्या मराठा शिपायांच्या घरच्या बायकांच्या हाती तेव्हा लेखणी नव्हती. म्हणून त्यांची माणसं पलटणीच्या नंबरात विरघळली.

दगडावर नुसता आकडा

हे मी अलंकाराने म्हणत नाही. बसरा इथे या मोहिमेत मेलेल्यांचं मोठं स्मारक उभारलं, चाळीस हजारांवर माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा. नाव नाही! २०२१ साली ब्रिटिशांच्या युद्धस्मारक आयोगाने स्वतःच याची चौकशी केली आणि एक लाखाहून अधिक हिंदी, आफ्रिकी आणि इतर सैनिक-सेवकांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत हे कबूल केलं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

आपल्याकडेही अनेक गावांत जुना दगड असतो. देवळापाशी, चावडीपाशी, नाहीतर शाळेच्या भिंतीत. ‘या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले.’ सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावी तर मेलेल्यांचा आकडा ४६ आहे, आणि गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. दगडावर गेलेल्यांची संख्या असते, मेलेल्यांची असते. मागे राहिलेल्या बायकांची नसते. ज्याचा पत्ताच लागला नाही त्याच्या बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, हे कुठल्या सरकारने कळवलं असेल?

युद्ध वाईट, हे तर आपण सगळ्याच म्हणतो. म्हणून सोडून देतो. मला एवढंच म्हणायचं आहे की कूटच्या शिपायांना भूक नशिबाने आली नाही. आधी बोटी मोजल्या नाहीत, मग धान्य मोजलं नाही, आणि शेवटी मेलेली माणसं नावाने मोजली नाहीत. तिन्ही वेळा मोजायचं राहिलं ते एकाच समजुतीने, की शिपाई काय, पुष्कळ मिळतात! घर चालवणारी बाई असं कधी म्हणत नाही. तिच्या पंगतीत ‘एक पान कमी पडलं तरी चालेल’ असा हिशेबच नसतो.

तेव्हा यंदा माहेरी-सासरी गावाकडे गेलात की तो दगड शोधा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्यातलं कुणी बसऱ्याच्या लढाईला गेलं होतं का? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी आता मोबाइलवरही बघता येतात. पलटण आणि आडनाव घालून मुलांना शोधायला लावा. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदींत बापाचं नाव असतं, गाव असतं, कुठे कुठे बायकोचंही नाव असतं. सापडलं तर ते वहीत नीट लिहून ठेवा, साल घालून. आता आपल्या हाती लेखणी आहे.